औषध नाही

आमचा डॉक्टर पेशंटला उठाबशा काढायला लावायचा. केबिनचं दार अर्धवट उघडं असायचं, त्यामुळं बाकावर बसलेल्यांना आतलं दिसायचं. कॉलेजातली पोरगी, नाहीतर नुकतीच मिशी फुटलेला गडी, उकिडवा बसलाय आणि हा पांढऱ्या केसांचा माणूस त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून, छातीला नळी लावून सांगतोय, "ऊठ. असं नाही, झटकन ऊठ. आता परत बस." नव्या माणसाला वाटायचं, पोरानं काहीतरी चोरलंय. एक बाई तर आत घुसून म्हणाली होती, "सायेब, लेकराला शिक्षा नका करू, मी समजावते त्याला."

मी त्या दारावर अकरा वर्षं बसलो. वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालो, बजाजनगरात घरी बसायला लागलो. दोन महिन्यांत बायको म्हणाली, "दिवसभर तुमचं तोंड बघून कंटाळा आला. कुठंबी जा, पण जा." म्हणून गेलो. माझी शाळा चौथीपर्यंत. डॉक्टरनं विचारलं, "वाचता येतं का?" म्हणलं, "नंबर वाचता येतात. नावं चुकतात." तो म्हणाला, "मग नावं वाचूच नका. नंबर पुकारा." झाली मुलाखत. त्या दिवसापासून मी त्याचा मामा आणि तो माझा सायेब. वयानं आम्ही बरोबरीचेच होतो.

उठाबशांचं कारण मला वर्षभरानं कळलं. काळजाच्या आत झडपा असतात. डावीकडच्या दोन खणांच्या मधी एक झडप असती, ती काही पोरांची जरा सैल असती. बंद होताना ती मागं फुगती आणि टक् असा आवाज येतो. माणूस खाली बसला की तो टक् उशिरा येतो, उभा राहिला की लवकर येतो. आवाज असा मागंपुढं सरकला की डॉक्टर खूश. म्हणायचा, "सापडली." जणू त्याची हरवलेली किल्ली सापडली.

अशी पोरं लई यायची. बहुतेक उंच, काटकुळी, लांब बोटांची. डॉक्टर आधी हात मिळवायचा आणि सोडायचाच नाय. त्यांची बोटं त्यांच्याच मनगटाभोवती गुंडाळून बघायचा. मग विचारायचा, चहा किती? झोप किती? पाणी किती? तो स्वतः थर्मासातलं गरम पाणी प्यायचा आणि तेच पाहुण्यांना द्यायचा. खालचा टपरीवाला त्याच्यावर जळायचा. म्हणायचा, "मामू, तुम्हारे डॉक्टर ने मेरा धंदा बिठा दिया. सब छोकरे नीचे आके पूछते हैं, लिंबू पानी है क्या."

समजावून सांगायची त्याची तऱ्हा न्यारी. केबिनच्या दाराला एक निळा पडदा होता. टेबलफॅन त्याच्याकडं फिरवायचा, पडदा फुगायचा. पोराला म्हणायचा, "बघ. फुगला का? फाटला का? नाही ना. बाजूनं थोडं वारं गेलं असेल. तेवढंच तुझं झालंय. पडदा फुगतो म्हणून कोणी घर पाडत नाही." पोराचा बाप त्या पडद्याकडं असा बघायचा, जसं काय डॉक्टर हातचलाखी करतोय.

मोबाईलवर वाचून आलेल्यांना तो थेट आत घेत नसे. "आधी मामांना सांगा काय वाचलं ते. मामांना भीती वाटली तर मला वाटेल." मग ती पोरं माझ्याशेजारी बसून इंग्रजी नावं सांगायची. मी ऐकून घ्यायचो आणि विचारायचो, "जेवला का?" निम्मी जेवलेली नसायची.

सगळं तपासून झालं, काळजाचा फोटो निघाला, कागद बघून झाले, की तो एक कोरा कागद घ्यायचा आणि मधोमध मोठ्या अक्षरात लिहायचा, औषध नाही. खाली दोन रेघा मारायचा. हे दोन शब्द मला वाचता यायला लागले ते त्याच्यामुळं. लोक चिडायचे. बाहेर येऊन मला म्हणायचे, "औषध नाय तर फी कशाची?" आतून आवाज यायचा, "औषध नाही हे सांगायला मला तेरा वर्षं शिकावं लागलं. लिहून तर कोणीही देईल." अजिंठ्याहून आलेल्या एका बाईनं आपल्या पोरीचा तो कागद प्लास्टिकमधी बंद करून घेतला. पोरगी सून म्हणून चालंल का असं कोणी विचारलं की ती तो कागद पुढं करायची. ती लग्नाचा पेढा घेऊन आली तेव्हा डॉक्टरनं पेढा खाल्ला आणि म्हणाला, "मुलाला तपासायला कोणी आणलं नाही ना? बघा, काळजी फक्त मुलीच्या काळजाची."

लई घाबरलेलं पोरगं असलं की तो स्वतःच्या शर्टाची दोन बटणं सोडायचा आणि नळी त्या पोराच्या कानात घालायचा. "ऐक. काय येतंय?" पोरगं म्हणायचं, "टक्." "हा टक् माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. आणि मी रविवारी खुलताबादचा घाट सायकलनं चढतो." हे खरं होतं. त्याची तीच सैल झडप होती. घाटात एकदा मी एसटीतनं बघितला त्याला, तोंड लाल, केस उडालेले, आमच्या गाडीची वाट म्हशीसारखी अडवून बसलेला. ड्रायव्हरनं शिवी दिली. मी खिडकीतनं तोंड आत घेतलं.

पण हा माणूस सगळ्यांनाच हसत घरी पाठवायचा असं समजू नका. आमच्याच बजाजनगरातला एक पोरगा आला होता, कंपनीत उभ्या उभ्या बेशुद्ध पडलेला. त्याच्या छातीला नळी लावली आणि डॉक्टर हसला नाय. पडदा नाय, पंखा नाय. बाकीचे नंबर तसेच सोडून त्याच्यासंगं रिक्षात बसून मोठ्या दवाखान्यात गेला. त्याची झडप नुसती फुगत नव्हती, लई गळत होती. पुढं ऑपरेशन करून ती नीट केली. पोरगा आता दोन लेकरांचा बाप हाय. तवा मला समजलं, उठाबशा आणि चेष्टा सगळं वरवरचं हाय. आतमधी हा माणूस सारखा एकच गोष्ट शोधतोय, की शंभरातला तो एक कोणता.

ते शोधायला तो प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा. "घरात कोणी तरुण वयात अचानक गेलंय का?" दिवसातनं वीस वेळा तो प्रश्न दारातून बाहेर यायचा. आणि दर वेळी मी उठून पंख्याचं बटण बघायचो, नाहीतर पाण्याच्या माठाचं झाकण नीट करायचो.

माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा असताना गेला. आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं. गावात सगळे सांगायचे, विहिरीवर उभ्या उभ्या हार्टनं गेला. मीपण तेच सांगायचो. बायको लग्न होऊन नंतर आली, तिलापण तेच सांगितलं.

आमची नात साक्षी आमच्याकडंच वाढली. पोलीस भरतीचं खूळ तिच्या डोक्यात. पहाटे उठून मैदानावर जायची, आठशे मीटर पळायची, गोळा फेकायची. एक दिवस म्हणाली, "आबा, पळून थांबले की छातीत धडधड होती. मधीच एक ठोका चुकल्यावानी वाटतं." दुसऱ्या कोणाची पोरगी असती तर मी विचारलं असतं, जेवली का? माझी होती म्हणून मी तिचे बूट उचलले आणि माळ्यावर धान्याच्या डब्यामागं टाकले. आठ वर्षं दुसऱ्यांच्या बापांना हसलो होतो. एका मिनिटात त्यांच्यासारखाच झालो. घरात सांगून टाकलं, "आपल्यात हार्ट हाय. पळणं बंद. भरतीबिरती काय नाय."

साक्षीनं फॉर्म भरलेला होता. दोन महिन्यांवर मैदानी चाचणी आली होती. ती माझ्याशी भांडली नाय, बोलायचीच बंद झाली. बायको मला म्हणाली, "डॉक्टरच्या दारात बसता ना? मग दाखवा की तिला." मी म्हणलं, बघू. बघू म्हणत पंधरा दिवस काढले. खरं कारण मी कोणाला सांगणार? डॉक्टर तो प्रश्न विचारणार, आणि माझ्याच घरातल्या माणसासमोर विचारणार.

एका बुधवारी डॉक्टरनं मला सेल आणायला खाली पाठवलं, छातीला चोवीस तास बांधायचं जे यंत्र असतं त्याचे. परत आलो, नंबर पुकारला, "सतरा." बाकावरून आमची बायको उठली. तिच्या मागं साक्षी, पायात नवे बूट.

"तू इथं काय करती?"

"नंबर लागलाय. बाजूला व्हा."

आतून डॉक्टर म्हणाला, "मामा, तुम्हीपण आत या. आज तुम्ही नातेवाईक आहात. खुर्चीत बसा."

"बाहेर कोण बघंल?"

"बाहेरच्यांना धाप लागते, ते पळून जाणार नाहीत."

त्यानं साक्षीला सगळं विचारलं. धडधड पळताना होती का पळून झाल्यावर? चक्कर आली का? कधी शुद्ध गेली का? नाय, नाय. चहा? "चार. कधी पाच. पहाटे उठावं लागतं ना." डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाला, "मामांच्या घरात पाच चहा. वा." मग उठाबशा झाल्या. साक्षी एवढ्या झटक्यानं उठायची की डॉक्टरलाच गुडघा धरून उभं राहावं लागलं. "सापडली," तो म्हणाला. "छान आहे. बारीक टक्." आणि कागदाकडं वळून, मान वर न करता, "घरात कोणी तरुण वयात अचानक गेलंय का?"

"कोणी नाय," मी म्हणालो.

"असं काय म्हणता," बायको म्हणाली. "सायेब, ह्यांचा धाकटा भाऊ गेला की. बावीस वर्षांचा. विहिरीवर उभ्या उभ्या. हार्टनं. म्हणून तर हे पोरीला पळू देईनात."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. त्या बेशुद्ध पडलेल्या पोराच्या वेळचं तोंड झालं त्याचं.

"मामा, हे आठ वर्षांत बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाय."

"मी रोज विचारतो. वीस वेळा."

तो साक्षीकडं वळला. "बाळ, मग गोष्ट वेगळी आहे. सख्खा चुलत आजोबा असा गेला असेल तर मला घाई करता येणार नाही. पुण्याला माझा एक मित्र आहे, त्याला दाखवू. सगळं नीट कळेपर्यंत पळायचं नाही. या वेळची भरती सोडून दे."

पोरीनं माझ्याकडं बघितलं नाय. वाकली, नव्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून आजीच्या पिशवीत ठेवले आणि अनवाणी बसली.

डॉक्टरनं पेन परत उचललं. "मामा, नीट सांगा. भाऊ पडला आणि मग गेला, का गेला आणि मग पडला?"

"ते काय मी बघितलं नाय."

"कुठं सापडला?"

"विहिरीवर. मोटारीच्या पेटीपाशी."

"आधी कधी छातीत दुखायचं? चक्कर?"

"नाय. कुस्ती खेळायचा."

"तोंड कसं होतं? ओठ? हात?"

"उजवा हात काळा पडला होता," मी म्हणालो.

डॉक्टरनं पंखा बंद केला. पडदा खाली बसला. एवढ्या वर्षांत मी किती लोकांना त्या खुर्चीत बसून घाम पुसताना बघितलं होतं, आज माझी पाळी होती. आणि समोर ते बूट पिशवीतनं डोकं काढून बसलेले.

मग मी सांगितलं. हार्ट नव्हतं. करंट लागला. गावाच्या लाईनवर तारेचा आकडा टाकून आम्ही मोटार चालवत होतो, आणि तो आकडा त्या दिवशी मीच टाकला होता. चिखलात अनवाणी गेला तो, पेटीला हात लावला. पोलीस येतील, पंचनामा होईल, मला नेतील, म्हणून गावातल्या एका जाणत्यानं सांगितलं, हार्टनं गेला म्हणा. दिवस मावळायच्या आत उरकलं. त्यानंतर इतकी वर्षं हार्ट, हार्ट म्हणत आलो की साक्षीच्या छातीत धडधडलं तेव्हा मला वाटलं, मी सांगितलेलं खरं व्हायला आलं.

बायको माझ्याकडं बघत होती. साक्षी पण. डॉक्टरनं कागदावर आधी लिहिलेली ओळ खोडली.

"म्हणजे त्याचं हृदय चांगलं होतं," तो म्हणाला. "कुस्ती खेळणाऱ्या पोराच्या चांगल्या हृदयाला तुम्ही चाळीस वर्षं नावं ठेवली, मामा." मग साक्षीला म्हणाला, "बूट घाल. तपासण्या सगळ्या करायच्याच आहेत. ते काढून टाकायची घाई करू नकोस."

फोटो काढला. यंत्र चोवीस तास छातीला बांधलं, साक्षी ते लावून गोळा फेकून आली. चालत्या पट्ट्यावर पळवलं तिला; डॉक्टर शेजारी उभा राहून पट्ट्याचा वेग वाढवत होता आणि म्हणत होता, "चोर पुढं गेला बघ." ह्या सगळ्यात तीन आठवडे गेले.

घरात बायकोनं तीन दिवस तोंड उघडलं नाय. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमची आई मरेपर्यंत मला सांगायची, माझं दूध कमी पडलं म्हणून पोराचं काळीज कच्चं राहिलं. तुम्ही तिथंच बसलेले असायचा."

"व्हय."

"ऐकत होता."

"व्हय."

"आणि गप बसायचा."

तिनं भाकरी उलटली. "उद्यापासून वेळ बघायचं घड्याळ घेऊन मैदानावर जायचं. रोज. तपासण्या होईपर्यंत ती चालंल, तुम्ही पण चालायचं. नंतर ती पळंल, तुम्ही उभं राहायचं. ऊन असो, थंडी असो." एवढी शिक्षा. मी आजपर्यंत तिला शिक्षाच म्हणतो, पण पहाटेच्या त्या मैदानासारखं सुख मला कंपनीत तीस वर्षांत भेटलं नाय.

कागद आले त्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. झडप जराशी फुगती, गळती नावाला, चुकणारे ठोके साधे. डॉक्टरनं कोरा कागद घेतला. औषध नाही. दोन रेघा. खाली लिहिलं, चहा दोन कप. पाणी भरपूर. तीन वर्षांनी परत फोटो. चक्कर आली तर त्याच दिवशी येणे. आणि सगळ्यात खाली, पळणे.

घाबरलेल्याला ऐकवायचं हा त्याचा नेम. नळी त्यानं बायकोच्या कानात घातली. तिनं साक्षीचं ऐकलं. डोळे मिटून, देवाला बसल्यासारखी. "टक् आला सायेब," म्हणाली. मग डॉक्टरचं ऐकलं, "तुमचा टक् हिच्यापेक्षा मोठा हाय." डॉक्टर लाजला. मग न विचारताच माझ्या शर्टावर नळी ठेवली. "चालू हाय," तिनं सांगितलं. "एवढं खोटं आत ठेवून बी चालू हाय." साक्षी लई दिवसांनी हसली.

साक्षी भरती झाली. शेवटच्या शंभर मीटरला ती मागं पडली होती, मी घड्याळ विसरून कुंपणावर चढलो, शिपायानं मला पाय धरून खाली ओढला. आता तिला पाय धरून कोणी ओढणार नाय, तीच शिपाई हाय.

बायको गेल्या वर्षी गेली. लिव्हरचं होतं. काळीज शेवटपर्यंत चांगलं होतं, डॉक्टरनं स्वतः सांगितलं. दहाव्यानंतर तो घरी आला, सायकलवर, बजाजनगरात पत्ता विचारत. मी म्हणलं, "झोप येत नाय सायेब. गोळी लिहून द्या." त्यानं खिशातनं कागद काढला, लिहिला, माझ्या हातात दिला. मला वाचता येणारे तेच दोन शब्द. मला राग आला. "एवढं सांगायला आला का सायकल मारत?" "नाही," तो म्हणाला, "जेवायला आलो." साक्षीनं केलेली भाकरी खाल्ली, कडेनं कच्ची होती. "आजीची सर नाही," म्हणाला, आणि तरी दोन खाल्ल्या. दुपार सरेपर्यंत बसला. पंख्याकडं बघत होता.

महिन्याभरात त्यानं दवाखाना बंद केला आणि मुलीकडं नाशिकला गेला. जाताना निळा पडदा घडी करून मला देत होता. मी म्हणलं, पडदा नको, नळी द्या. त्यानं विचारलं नाय कशाला. आता ती बायकोच्या फोटोशेजारी खिळ्याला हाय. साक्षी सुटीवर आली की स्वतःच काढून माझ्या कानात घालती. "आला का आबा?" "आला." बारीक टक्. तिच्या आजीनं ऐकलेला तोच.

साक्षीचे कागद आले त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. बायकोनं माझं ऐकून झाल्यावर डॉक्टरनं तिच्या कानातनं नळी काढली आणि माझ्यापुढं धरली. "मामा, आता तुम्ही बाईंचं ऐका." ती समोरच उभी होती, पदर नीट करून, जरा हसत. बाहेर बाकावरचे लोक बघत होते. मला लाज वाटली.

म्हणलं, "राहू द्या सायेब. घरीच असती ती."